दोरापासून कागदापर्यंत: आपल्या कलाकेंद्रात तीन बैठकांची कार्यशाळा कशी घ्यावी

हातकागदाची कार्यशाळा म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच प्रकार चालतो. जुनी वर्तमानपत्रं भिजवायची, मिक्सरमधून काढायची, लगद्यात झेंडूच्या पाकळ्या टाकायच्या आणि दोन तासांत प्रत्येकाच्या हातात एक करडा, जाड, ठिसूळ तुकडा द्यायचा. मुलं खूश होतात. पण कागद कशामुळे कागद होतो, हे त्यातल्या कुणालाही समजत नाही. वर्तमानपत्राचं लाकूड गिरणीत दळलेलं असतं, त्यातले तंतू जेमतेम एक-तीन मिलिमीटरचे. शिवाय लाकडातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारं द्रव्य, त्यातच राहिलेलं असतं, त्यामुळे तो कागद उन्हात पिवळा पडतो आणि तुटतो. तेच तंतू पुन्हा मिक्सरमध्ये कापले तर हातात काय उरणार?

माझं म्हणणं सरळ आहे: कागद शिकवायचा असेल तर आधी दोर वळायला शिकवा. ज्याने अंबाडीचा किंवा तागाचा वाख (सालीपासून सोडवलेले लांब तंतू) हातात धरून पीळ दिला आहे, त्याला लांब तंतू म्हणजे काय, ते एकमेकांत कसे अडकतात आणि ओले असताना कसे वागतात, हे बोटांना कळलेलं असतं. मग लगद्याच्या टबात हात घातल्यावर त्याला फार सांगावं लागत नाही.

आणि हा क्रम मी मनाने जुळवलेला नाही. चीनमध्ये इ. स. १०५ च्या सुमारास त्साय लुनने दरबारापुढे कागद ठेवला, तेव्हा त्याचा कच्चा माल झाडाची साल, वाखाचे तुकडे, चिंध्या आणि मासेमारीची जुनी जाळी हा होता, असं चिनी नोंदी सांगतात. आपल्या दख्खनेतही कागद व्हायचा तो तागाचे झिजलेले दोर, फाटकी गोणपाटं आणि चिंध्या यांचाच. दौलताबादजवळचं कागजीपुरा हे गाव या कामावरच वसलं. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली, त्या काळाशी तिथल्या कागजी कुटुंबांची परंपरा जोडली जाते. जुन्नरचा कागदही असाच नावाजलेला. आज दफ्तरखान्यांमध्ये जे मोडी कागद शाबूत आहेत, ते या तंतूंच्या लांबीमुळे आणि घोटाईमुळे, म्हणजे गोट्याने घासून कागद गुळगुळीत केल्यामुळे. गिरणीच्या कागदापुढे हा धंदा बसला. पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कामातून हातकागदाचे प्रयोग पुन्हा सुरू झाले आणि १९४० साली पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली.

खालची आखणी सोळा माणसांसाठी आहे. एखादं कलाकेंद्र, वाचनालयाचं सभागृह, सोसायटीचा हॉल, शाळेचा चित्रकलेचा वर्ग, कुठेही जमेल. पाणी, निचरा आणि थोडी उघडी जागा एवढं मात्र हवंच.

दिवस कसे ठरवायचे

तीन बैठका धरा: शनिवारची दुपार, दुसऱ्या दिवशीचा पूर्ण रविवार आणि पुढच्या आठवड्याचा रविवार. एका दिवसात सगळं बसवायचा आग्रह धरू नका. कागद वाळायला वेळ लागतो, आणि ओला कागद घेऊन घरी गेलेला माणूस तो वाटेतच फाडतो.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, ओले ताव दोन-तीन दिवस वाळत नाहीत आणि त्यांच्यावर बुरशीचे ठिपके येतात. एप्रिल-मेमध्ये, खास करून विदर्भात, उलट अडचण: ताव इतक्या झपाट्याने वाळतात की कडा वर वळतात, आणि भिजवलेला लगदा एका दिवसात आंबतो.

कारागीर आधी ठरवा, मग तारीख. दोर वळणं आणि केरसुण्या बांधणं ही महाराष्ट्रात मातंग समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली विद्या आहे. गावागावांत अजूनही दोर वळणारी जाणती माणसं आहेत. त्यांना ‘प्रात्यक्षिक दाखवायला’ अर्ध्या तासासाठी बोलावून चहावर बोळवण करू नका. पहिल्या बैठकीचे गुरू तेच. त्यांचं मानधन, येण्याजाण्याचा खर्च आणि जेवण हे अंदाजपत्रकातले पहिले आकडे असावेत, सहभाग शुल्क त्यानंतर काढावं. प्रमाणपत्रावर आणि फलकावर त्यांचं नाव इतर मार्गदर्शकांच्या बरोबरीने यावं. कागदासाठी जवळचं हातकागद केंद्र असेल तर तिथल्या कामगारालाही असंच सन्मानाने बोलवा.

माल किती लागेल

इथे बहुतेक जण अंदाजाने जातात आणि मग एक तर लगदा संपतो किंवा बादलीभर उरून कुजतो. हिशोब सोपा आहे. ए-फोर आकाराचा ताव म्हणजे एका चौरस मीटरचा सोळावा भाग. १२० ग्रॅमचा कागद हवा असेल (म्हणजे एका चौरस मीटरला १२० ग्रॅम, साधारण ड्रॉइंगच्या पातळ कागदाइतका) तर एका तावाला साडेसात ग्रॅम कोरडे तंतू लागतात. आपण त्याच्या निम्म्या, म्हणजे ए-फाइव्ह आकाराचे साचे घेऊ. नवख्या हाताला ते पेलतात. त्याला पावणेचार ग्रॅम. सोळा जणांनी प्रत्येकी सहा ताव काढले तर ९६ ताव, म्हणजे ३६० ग्रॅम. फाटके, जाड-पातळ आणि गाळणीत अडकलेले धरून ५०० ग्रॅम कोरड्या तंतूंची तयारी ठेवा.

यातले ३५० ग्रॅम सुती लगदा आणि १५० ग्रॅम लांब तंतू, म्हणजे ताग किंवा केळ, असं मिश्रण मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. सुतामुळे कागद मऊ आणि एकसारखा होतो, ताग-केळीमुळे त्याला ताकद आणि थोडा कडकपणा येतो.

सुती लगदा शक्यतो हातकागद केंद्रातून तयार, ओला विकत घ्या. तो बनियनच्या कापडाच्या कातरणीपासून करतात आणि बीटर यंत्रात तासन्‌तास घोळवतात. घरच्या मिक्सरमध्ये चिंध्या टाकल्या तर दोरे पात्याला गुंडाळतात आणि मोटर जळते. हाताने कुटून चिंध्यांचा लगदा करणं शक्य आहे, पण ते काम काही दिवसांचं आहे. तरीही मूठभर चिंध्या सहभागींना जरूर कुटायला द्या, जुन्या काळी पायाच्या ढेकीवर हे काम किती जड होतं हे समजायला. चिंध्या घेताना एक दोरा जाळून बघा: सूत जळत्या कागदाच्या वासाचं आणि मऊ राख सोडतं, पॉलिस्टर वितळून टणक गोळी होते. मिश्र कापड उपयोगाचं नाही. धुऊन धुऊन विरलेलं धोतर किंवा सुती साडी नव्या कापडापेक्षा लवकर कुटली जाते.

लांब तंतूंसाठी तीन पर्याय. ताग सर्वांत उत्तम. हिरवळीचं खत म्हणून शेतकरी तो लावतातच. वाखासाठी मात्र तो फुलोऱ्यात गाडून न टाकता वाढू द्यावा लागतो, म्हणून पेरणीच्या वेळीच ओळखीच्या शेतकऱ्याला सांगून ठेवा. अंबाडीचा वाख दोर वळायला झकास, पण त्यात लिग्निन जास्त असल्याने कागद तपकिरी होतो. केळीचं सोपट, म्हणजे खोडाचे पापुद्रे, जळगावकडे तर ढिगाने पडलेलं असतं. हार गुंफणारे त्याचाच दोरा वापरतात. कागद कडक आणि चिवट होतो. ओलं सोपट घेतलंत तर त्यात बहुतेक पाणीच असतं हे लक्षात ठेवा. खरवडून काढलेला, वाळलेला केळीचा वाख मिळाला तर हिशोब सोपा होतो.

शिजवताना वजन घटतं, म्हणून १५० ग्रॅम लगद्यासाठी ३०० ग्रॅम कोरडा वाख शिजवायचा. दोर वळण्यासाठी वेगळा: माणशी ५० ग्रॅम, म्हणजे ८०० ग्रॅम. एक किलो आणा.

साचे

ते कार्यशाळेच्या आधी महिनाभर सुताराकडून करून घ्या. आतलं माप २१ बाय १५ सेंटिमीटर, अशा दोन सारख्या चौकटी म्हणजे एक जोडी. खालच्या चौकटीवर जाळी ताणून बसवायची. वरची नुसती चौकट, तिच्यामुळे तावाला कड मिळते. सागाचं लाकूड पाण्यात वाकत नाही. साधं लाकूड घेतलंत तर वार्निशचे दोन हात द्या. जाळी पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची, खिडकीला डासांसाठी लावतात तीही चालते. खिळे पितळी किंवा स्टीलचेच, कारण लोखंडाचा गंज कागदावर कायमचा उतरतो. बोटाने दाबल्यावर जाळी खाली जाता कामा नये. सैल जाळीवर मधोमध लगदा साचतो आणि ताव उचलताना फाटतो. यावर तडजोड करू नका.

आपल्याकडचा जुना साचा वेगळा होता. लाकडी चौकटीवर गवताच्या काड्यांची, घोड्याच्या केसांनी विणलेली सुटी चटई असे. ताव काढल्यावर चटईच उचलून उलटी करायची. जुना मोडी कागद उजेडापुढे धरला तर त्या काड्यांच्या बारीक रेघा दिसतात. सहभागींना असा एखादा कागद नक्की दाखवा.

चार जणांमागे एक टब आणि दोन साचे. म्हणजे चार टब, आठ जोड्या. टब निदान ५० बाय ४० सेंटिमीटरचा आणि २० सेंटिमीटर खोल असावा. बाळाला अंघोळ घालायचे प्लास्टिकचे टब अगदी योग्य. ओले ताव उतरवायला मांजरपाटाचे ३० बाय २२ सेंटिमीटरचे शंभर-एक तुकडे लागतील. नव्या मांजरपाटाला खळ असते, ती पाणी अडवते आणि ताव कापडाला नीट धरत नाही. म्हणून आधी गरम पाण्यात दोनदा धुऊन घ्या.

पहिली बैठक: पीळ

दुपारी दोन वाजता सुरुवात. बाहेर अंगणात त्याच वेळी वाखाचं भांडं चढवायचं, त्याचं पुढे सांगते.

वाख हलकासा ओला करा, टपकत राहील इतका नको. ओल्या टॉवेलात तासभर गुंडाळून ठेवला की पुरे. कोरडा वाख वळताना तुटतो आणि त्याची कुसळं हाताला टोचतात. प्रत्येकाला करंगळीपेक्षा बारीक जुडी द्या, बोटांनी विंचरून सरळ करायला लावा. या विंचरण्यात पंधरा मिनिटं गेली तरी जाऊ द्यात. गुंता तसाच ठेवून वळलेला दोर मध्येच फुगतो.

मग दुपेडी दोरी. जुडी मध्यावर दुमडायची, पण अगदी मधोमध नाही, एक बाजू थोडी आखूड ठेवायची. दुमडलेलं टोक डाव्या हातात. दोन्ही पेड मांडीवर शेजारी शेजारी, एकमेकांना न चिकटता. उजव्या तळव्याने ते पुढे सरकवत लोळवायचे, म्हणजे प्रत्येक पेडाला स्वतंत्र पीळ बसतो. आता दोन्ही पेड जवळ आणून तळवा मागे ओढायचा, की ते एकमेकांवर उलट दिशेने गुंडाळले जातात. एवढ्यात दोरी झाली. प्रत्येक पेडाचा पीळ सुटायला बघतो आणि तो सुटण्याच्या दिशेनेच दोन्ही पेड एकमेकांना आवळतात, म्हणून दोरी हातातून सोडली तरी उलगडत नाही. हे तत्त्व इथे थांबून सांगा. प्रत्येकाला एकदा पेडांचा पीळ आणि त्यांची एकमेकांवरची गुंडाळी मुद्दाम एकाच दिशेने करून बघायला लावा. दोरी लगेच सुटते आणि पुन्हा समजावावं लागत नाही.

जोड देणं ही खरी परीक्षा. एक पेड बारीक व्हायला लागला की तो संपायच्या आधीच नवीन वाखाची पाच-सहा सेंटिमीटर शेपटी त्यात ठेवून पीळ चालू ठेवायचा. दोन्ही पेडांत एकाच जागी जोड आला तर दोरी तिथेच तुटते. म्हणूनच सुरुवातीला एक बाजू आखूड ठेवली होती.

ज्यांना मांडीवर वळणं जमत नाही, मग गुडघ्याचा त्रास असो की कपड्यांची अडचण, त्यांनी बोटांनीच पीळ द्यावा. वेळ जास्त लागतो, दोरी मात्र तितकीच पक्की होते. कारागीर गुरूंना याच वेळी तिपेडी जाड दोर, दावं किंवा शिंकं करून दाखवायची विनंती करा. एका टोकाला आकडी फिरवणारा, दुसऱ्या टोकाला ताण धरणारा आणि मधून पेड जुळवत चालणारा, असं तिघांचं काम बघताना हॉल गप्प होतो.

दिवस संपताना प्रत्येकाकडे दोन गोष्टी हव्यात: हातभर जाडशी दोरी, आणि दीड मिलिमीटरच्या आसपासची निदान अर्धा मीटर बारीक दोरी. ही बारीक दोरी तिसऱ्या बैठकीला वही शिवायला लागणार आहे, म्हणून नाव लिहून जपून ठेवा.

भांडं

वाख दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून आदल्या रात्री भिजत घाला. ३०० ग्रॅम वाखाला ६० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि सहा लिटर पाणी, म्हणजे सोडा वाखाच्या पाचव्या हिश्शाइतका. भांडं स्टेनलेस स्टीलचं आणि निम्मं रिकामं राहील इतकं मोठं, कारण फेस वर येतो. ॲल्युमिनियमचं पातेलं अजिबात नको, सोडा ते खातो. कॉस्टिक सोडा स्वस्तात मिळतो, पण कलाकेंद्रात तो आणूच नये. डोळ्यात एक थेंब गेला तरी कायमची इजा होऊ शकते. धुण्याच्या सोड्यालाही हातमोजे आणि चष्मा लावूनच हात लावायचा, आणि दहा वर्षांखालची मुलं चुलीपासून लांब.

उकळी आल्यावर मंद आचेवर दोन ते चार तास. केळीला दोन-अडीच पुरतात, तागाला तीन, अंबाडीला चार. झालं की नाही हे घड्याळावर ठरवू नका. चिमट्याने एक तुकडा काढून गार पाण्यात बुडवा आणि दोन्ही हातांनी ओढा. सहज विलग होऊन तंतूंची झालर सुटली तर शिजलं. करकरत राहिलं तर अजून अर्धा तास.

रात्रभर गार होऊ द्या. मग सुती कापडाच्या पिशवीत घालून पुन्हा पुन्हा पाण्यात खंगाळा. पाणी स्वच्छ दिसलं तरी थोडा सोडा राहतोच, म्हणून हळदीची परीक्षा करा: टीपकागदावर हळदीचं पाणी लावून वाळवा, त्यावर धुतलेल्या पाण्याचा थेंब टाका. लाल झाला तर आणखी धुवा, पिवळाच राहिला तर पुढे चला. सोड्याचं पाणी भरपूर पाणी मिसळून, गाळून गटारात सोडा. बागेत ओतू नका, सोड्याने माती खराब होते.

दुसरी बैठक: लगदा आणि ताव

सकाळी नऊला कुटण्यापासून सुरुवात. धुणं धोपटायच्या मोगऱ्या आणि गुळगुळीत दगडी फरशा जमा करा. शिजलेल्या तंतूंचा नारळाएवढा गोळा फरशीवर ठेवून संथपणे कुटायचं, पसरला की पुन्हा गोळा करायचा, अधूनमधून पाणी शिंपडायचं. आळीपाळीने तासभर, कधी दीड तास. इथे घाई केली तर पुढे सगळं बिघडतं. कुटण्याने तंतू कापायचे नसतात, त्यांना चेंगरून त्यांच्या अंगावरचे सूक्ष्म धागे मोकळे करायचे असतात. हेच धागे वाळताना एकमेकांना घट्ट धरतात, त्यामुळे कागदाला गोंद लागत नाही. मिक्सरचं पातं उलट करतं, तंतू तोडतं. फार वेळ कुटता येत नसेल तर शेवटी मिक्सरचे दोन-तीन छोटे फेरे द्या, मूठभर तंतू आणि भांडंभर पाणी एवढ्याच प्रमाणात.

पारखायला काचेच्या बरणीत पाणी घ्या, चिमूटभर लगदा टाकून हलवा, उजेडाकडे धरा. ढगासारखं एकजीव तरंगलं तर तयार. गाठी किंवा दोरे दिसले तर अजून कुटायला हवं.

प्रत्येक टबात वीस लिटर पाणी. लगदा आधी एका बादलीत पाण्यात मोकळा करून घ्या, मग टबात थोडा थोडा टाका. शंभर ग्रॅम कोरड्या तंतूंच्या हिशोबाचा लगदा सुरुवातीला पुरे. पाणी पातळ ताकाइतपत दिसलं पाहिजे.

आता साचा. जाळी वर, तिच्यावर रिकामी चौकट, दोन्ही हातांनी आखूड बाजूंनी घट्ट धरायच्या. प्रत्येक वेळी आधी टब ढवळायचा, तंतू तळाशी बसतात. साचा उभा धरून टबाच्या पलीकडच्या कडेने पाण्यात सरकवा, आत आडवा करा आणि एका दमात सरळ वर उचला. पाणी निथळत असतानाच हलकासा हेलकावा, आधी पुढे-मागे, मग डावी-उजवीकडे. या क्षणी तंतू एकमेकांत विणले जातात. पृष्ठभागावरची ओली चकाकी गेली की हात थांबवा. त्यानंतर हलवलं तर ताव चिरतो.

वरची चौकट तिरपी न करता सरळ उचला. तिच्यावरचा एक थेंब तावावर पडला तर तिथे पातळ गोल डाग राहतो. अशा तावाला फेकू नका. जाळी उलटी करून पाण्यावर टेकवा, लगदा टबात परत जातो. बिघडलेला ताव पुन्हा लगदा होतो हे पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं की सगळ्यांचे हात मोकळे होतात.

ताव उतरवणं: ओला टॉवेल घडी घालून ठेवा, मध्यभागी किंचित उंच. त्यावर ओलं मांजरपाट, सुरकुती न ठेवता. साच्याची एक लांब कड त्यावर टेकवायची, दाबत दाबत दुसऱ्या कडेपर्यंत लोळवायचं आणि पहिली कड उचलत साचा वर घ्यायचा. ताव कापडावर राहतो. राहिला नाही तर कारण बहुधा यातलंच एक असतं: कापड कोरडं, ताव फार पातळ, किंवा हात भित्रा. दाबायला कचरू नका. त्यावर दुसरं कापड, दुसरा ताव, अशी थप्पी चढवत जा. चार-पाच तावांनंतर टबात लगद्याची भर घाला, नाहीतर पुढचे ताव पातळ होत जातात.

ताव एका बाजूला जाड येत असेल तर साचा तिरका उचलला जातोय. भोकं पडत असतील तर जाळीत जुना लगदा अडकलाय, मऊ ब्रशने मागून धुवा. गाठी येत असतील तर कुटणं कमी पडलंय आणि आता लगदा गाळण्याशिवाय उपाय नाही. पाकळ्या, पानं, रंगीत दोरे यांचा मोह पहिल्या तीन तावांपर्यंत आवरा. आधी कोरा, एकसारखा ताव जमू द्या. मग झेंडूच्या पाकळ्या चालतील, त्यांचा रंग बऱ्यापैकी टिकतो. गुलाब तपकिरी पडतो.

थप्पी दोन वार्निश केलेल्या प्लायवुडच्या फळ्यांमध्ये ठेवून चारही कोपऱ्यांना शिकंजे लावा आणि थोडं थोडं आवळत जा. एकदम आवळलं तर ताव चिरडून पसरतो. वीस मिनिटांनी पुन्हा आवळा. शिकंजे नसतील तर फळीवर दोघांनी उभं राहावं, खाली टब ठेवायला विसरू नका. दाबलेला ताव कापडासकट सुतळीवर सावलीत टांगता येतो. पण प्रत्येकाचे निदान दोन ताव सनमायकाच्या पाटावर किंवा हॉलच्या खिडकीच्या काचेवर रुंद, मऊ ब्रशने चिकटवून वाळवा. जुने कागजी ते चुन्याच्या गुळगुळीत भिंतीवर लावायचे, वाळले की ताव आपोआप सुटतो. काचेकडची बाजू तुकतुकीत येते. थेट उन्हात ठेवू नका.

तिसरी बैठक: खळ, घोटाई, वही

आतापर्यंतचा कागद टिपकागदासारखा शाई पसरवतो. त्याला खळ द्यायची. एक लिटर पाण्याला ४० ग्रॅम तांदळाची पिठी किंवा मैदा. आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून घ्या, मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा, गाळा. कोमट असताना रुंद ब्रशने एका बाजूला, आणि थोडा वेळ दम खाऊन दुसऱ्या बाजूला. हे सकाळी साडेनऊला उरका, म्हणजे थंडीच्या कोरड्या हवेत दुपारी दोनपर्यंत ताव वाळतात.

तुरटी घालायचा सल्ला बरेच जण देतात. तुरटीने कागद आम्लधर्मी होतो आणि काही वर्षांत ठिसूळ होतो, म्हणून मी ती घालू देत नाही. जुन्या पोथ्यांना कसर लागू नये म्हणून हरताळ लावत. ते आर्सेनिकचं संयुग आहे, कार्यशाळेत त्याचं नावही नको. खळीला कसर येते हे खरं, त्यावर उपाय कोरड्या, हवेशीर जागी ठेवण्याचा.

दुपारी घोटाई. परंपरेने अकीकाचा गोटा किंवा मोठी कवडी वापरतात. नदीतला अगदी गुळगुळीत गोटा किंवा स्टीलच्या चमच्याची पाठही चालते. ताव गुळगुळीत लाकडी पाटावर ठेवा, एका दिशेने लांब फटके, मग आडव्या दिशेने. कागद पूर्ण कोरडा होण्याच्या किंचित आधी घोटला तर चकाकी छान येते. अर्धा ताव घोटून अर्धा तसाच ठेवायला सांगा आणि दोन्हीकडे बोरूने एकेक ओळ लिहायला लावा. घोटलेल्या बाजूवर बोरू अडखळत नाही, अक्षराची कड स्वच्छ येते. मोडीसारखी हात न उचलता, झरझर लिहायची लिपी घोटीव कागदावर का रमली, हे इथे हाताला कळतं.

शेवटी वही. सहा ताव एकत्र दुमडले की बारा पानं, म्हणजे चोवीस पृष्ठं. घडीवर आरीने तीन भोकं: मध्ये एक, वर-खाली दीड-दोन सेंटिमीटर कड सोडून एकेक. पहिल्या दिवशीची बारीक दोरी घ्या, तिला मेण लावा, दाभणात ओवा. मधल्या भोकातून आतून बाहेर, वरच्या भोकातून आत, आतून सरळ खाली जाऊन खालच्या भोकातून बाहेर, पुन्हा मधल्या भोकातून आत. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आणून घट्ट गाठ. यासाठी साधारण ४५ सेंटिमीटर दोरी लागते. दोरी कुठे जाड आली असेल तर तिथे भोक आरीने थोडं मोठं करा, ओढाताण करून कागद फाडू नका.

आवरताना

टबातलं पाणी कधीही थेट मोरीत ओतू नका, लगदा नळीत साठून घट्ट बसतो आणि पुढच्या वेळी केंद्रवाले जागा देत नाहीत. मांजरपाटातून गाळा, लगदा पिळून मुठीएवढे गोळे करा. दोन-तीन दिवसांत वापरायचे असतील तर फ्रिजमध्ये, नाहीतर गोळे फोडून चपटे थापा आणि कडकडीत वाळवा. त्यावर तंतू कोणते, सुताचं प्रमाण किती, तारीख कोणती, अशी चिठ्ठी बांधा. पुढच्या तुकडीला ते रात्रभर भिजवून, थोडं कुटून पुन्हा वापरता येतात. साचे धुऊन, जाळी ब्रशने साफ करून सावलीत उभे ठेवा. दोराचे उरलेले तुकडे, सुटलेला वाख आणि फसलेल्या दोऱ्याही एका पोत्यात जमा करा, पुढच्या वेळी भांड्यात सगळ्यात आधी तेच जायला हवेत.